पहिले कार्ड आणि नव्या-जुन्याचा फेरा

(जिल्हा बैठकीत केलेली मांडणी. ज्या गावांना बैठकीला येता आले नाही, त्यांच्यासाठी इथे छापत आहोत.)



मार्च जवळ आला की आपल्या जिल्ह्यात एक धंदा जोरात चालतो. बँकेसमोरच्या टपरीवर एक माणूस बसलेला असतो. त्याच्या पिशवीत रोकड असते. कास्तकार त्याच्याकडून आठ-पंधरा दिवसांच्या बोलीने पैसे घेतो, बँकेत भरतो आणि खाते निल करतो. मग बँक पुन्हा कर्ज देते. ते उचलून कास्तकार टपरीवरच्या माणसाचे पैसे व्याजासकट चुकते करतो. याला आपण 'नवं-जुनं' म्हणतो. बँकेच्या कागदावर वसुली झाली, नवे कर्जवाटपही झाले. कास्तकाराच्या घरात एक पैसा आला नाही. गेले ते मधल्या माणसाचे व्याज.

आज बोलायचे आहे किसान क्रेडिट कार्डाबद्दल, आणि मुख्यतः त्यांच्याशी, ज्यांच्या हातात हे कार्ड पहिल्यांदाच येत आहे. घरात वाटणी झाली आणि पोराच्या नावाचा सातबारा वेगळा झाला, असे तरुण इथे आहेत. लक्ष्मीमुक्तीच्या दिवसांत ज्यांच्या नावावर जमीन झाली पण बँकेत कधी स्वतःचे खाते उघडले नाही, अशा मायबहिणीही आहेत. पहिली दोन वर्षे कार्ड कसे वापरले यावर पुढची वीस वर्षे टपरीवरच्या माणसाकडे जायचे की नाही हे बरेचसे ठरते, असे आमचे मत आहे.

कोणी विचारेल, संघटना आता वसुली अधिकाऱ्याची भाषा बोलायला लागली का? नाही. शेतकरी कर्जबाजारी आहे तो उधळपट्टीने नाही, त्याच्या मालाचा भाव पाडला जातो म्हणून, हे आपण पहिल्यापासून सांगत आलो. त्यात काही बदल नाही. २०२५-२६ च्या हंगामात लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव ८,११० रुपये क्विंटल जाहीर झाला, आणि ऑगस्ट २०२५ मध्ये केंद्राने कापसावरचे ११ टक्के आयात शुल्क काढून टाकले. आधी सप्टेंबरअखेरपर्यंत, मग वाढवून डिसेंबरअखेरपर्यंत. म्हणजे नेमके आपल्या पऱ्हाटीचा वेचा घरात येतो तेव्हा. भाव असा पाडला तर कोणतेही कार्ड ती तूट भरून काढणार नाही. कार्ड म्हणजे उत्पन्न नव्हे. पण भावाची लढाई लढायला कास्तकार उभा तर राहिला पाहिजे. ज्याच्या गळ्याला शेकडा तीनचे व्याज लागले आहे तो दसरा-दिवाळीलाच ओला कापूस खेडा खरेदीवाल्याच्या काट्यावर टाकतो. ज्याला चार महिने थांबता येते तोच भाव मागू शकतो.

हे कार्ड आले कुठून? १९९८ साली आर. व्ही. गुप्ता समितीच्या शिफारशींनंतर नाबार्डने योजना आखली. त्याआधी दर हंगामाला नवी फाईल, नवे दाखले, नव्या सह्या. खत मिळायचे ते पेरणी उलटून गेल्यावर. कार्डाने ठरवले की एकदा मर्यादा मंजूर झाली की लागेल तसे पैसे उचला, आले तसे भरा, पुन्हा उचला. २०१२ मध्ये योजना सुधारली, मर्यादा पाच वर्षांसाठी झाली आणि दरवर्षी १० टक्के वाढ देण्याचे ठरले. पुढे २०१८-१९ पासून दूध-जनावरे आणि मासळीलाही कार्ड लागू झाले.

मर्यादा कशी ठरते हे प्रत्येकाने स्वतः मांडून पाहावे, साहेबाच्या तोंडून ऐकू नये. पिकाचा हेक्टरी कर्जदर जिल्ह्याची तांत्रिक समिती ठरवते. समजा, नुसत्या हिशेबासाठी, कापसाचा दर हेक्टरी ६०,००० धरला आणि वावर दोन हेक्टर आहे. झाले १,२०,०००. त्यावर काढणीनंतरचा खर्च आणि घरखर्चासाठी १० टक्के, म्हणजे १२,०००. अवजारे-विहीर-मोटारीच्या देखभालीसाठी २० टक्के, म्हणजे २४,०००. एकूण १,५६,००० आणि वर पीकविम्याचा हप्ता. यातली घरखर्चाची रक्कम योजनेतच धरलेली आहे. कास्तकाराचे पोरही जूनमध्येच शाळेत जाते, हे सरकारने एवढ्यापुरते का होईना मान्य केले. १ जानेवारी २०२५ पासून २ लाखांपर्यंतच्या शेतीकर्जाला जमीन गहाण टाकण्याची किंवा दुसऱ्या तारणाची अट नाही. तेव्हा दीड लाखाच्या मर्यादेसाठी कोणी गहाणखत मागितले तर कोणत्या नियमाने, हे तिथेच विचारा.

आता उचल. पहिले कार्ड मिळाले की पहिली चूक बहुतेक जण करतात ती एकच: सगळी मर्यादा एका दिवसात काढणे. "पैसे खात्यात राहिले तर बँक परत घेईल" अशी एक अफवा गावोगाव आहे. मंजूर मर्यादा म्हणजे तुमच्या नावावर जमा झालेले पैसे नव्हेत. तुम्ही उचलेपर्यंत ते कर्जही नाही आणि त्याला व्याजही नाही.

एक हिशेब मांडू. मर्यादा दीड लाख, व्याज ७ टक्के. १ जूनला सगळे उचलले आणि जानेवारीअखेर भरले तर आठ महिन्यांचे व्याज ७,००० रुपये. तेच जूनमध्ये बियाणे-पेरणीला ६०,०००, जुलैत खत-निंदणाला ३०,०००, ऑगस्टमध्ये फवारणीला २०,००० आणि वेचणीच्या मजुरीला १ नोव्हेंबरला ४०,००० असे उचलले, तर जानेवारीअखेर व्याज होते ५,४२५. वाचले १,५७५ रुपये. फार नाहीत, आम्ही फुगवून सांगत नाही. खरी गोष्ट वेगळी आहे. जूनमध्ये घरात दीड लाख रोख दिसले की पाहुण्याचे लग्न, घरावरची पत्रे, मोटारसायकलचा हप्ता, सगळ्यांना त्याचा वास येतो. मग ऑगस्टात बोंडअळी येते आणि फवारणीला कृषी केंद्रात उधारी करावी लागते. ती उधारी कोणत्या भावाने पडते ते बिलावर लिहिलेले नसते. रोखीचा भाव विचारा आणि उधारीचा विचारा, फरक कळेल. आम्ही कृषीची पदवी घेतली तेव्हा एकरी किती किलो नत्र द्यायचे ते शिकलो. नत्र उधारीत घेतले तर पिकाला किती क्विंटलचा भार पडतो, याचा धडा पुस्तकात नव्हता.

दुसरी बाजू भरण्याची. हे खाते रोज चालते, व्याज रोजच्या बाकीवर लागते. म्हणजे कापसाचा चुकारा डिसेंबरात आला आणि तुम्ही तो मार्चपर्यंत घरात किंवा बचत खात्यात ठेवला, तर तीन महिने व्याज फुकट दिले. एकाधिकार खरेदीच्या काळात सोसायटीचे कर्ज चुकाऱ्यातूनच कापले जाई, आपल्याला विचारतही नसत. आता सीसीआयचे पैसे आधार जोडलेल्या बचत खात्यात येतात, व्यापाऱ्याचे रोख येतात. कापायला कोणी नाही, म्हणून ठरवायचे आपल्यालाच. घरखर्चाचे बाजूला काढा, उरलेले कार्डाच्या खात्यात टाका. ते गेले नाहीत. हरभऱ्याला पाणी द्यायला, मळणीला लागले तर मर्यादेत पुन्हा उचलता येतात. थोडे थोडे भरून खाते मुदतीच्या आधी मिटले, तर टपरीवर जायची वेळच येत नाही.

आणि इथेच ते नवं-जुनं. दीड लाखाला महिना शेकडा तीन धरले तर पंधरा दिवसांचे २,२५० झाले. पण बँक पंधरा दिवसांत पुन्हा कर्ज देते का? साहेबाची बदली, सर्व्हर बंद, सातबारा जुना, मार्चअखेरचे काम. दोन महिने लागले तर ९,००० गेले. आता मुदतीत भरण्याचा फायदा पाहा. ३ लाखांपर्यंतच्या पीककर्जाला ७ टक्के दर, मुदतीत भरले तर केंद्राची ३ टक्के सूट, म्हणजे ४ टक्के. उरलेल्या व्याजाची सवलत राज्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख योजनेतून, तीही मुदतीत भरणाऱ्यालाच. दीड लाखावर पूर्ण वर्षाचे ७ टक्क्यांनी व्याज १०,५०० होते. सरकारने सोडलेले ते १०,५०० आणि टपरीवर दिलेले ९,०००, शेजारी शेजारी लिहून पाहा. बिनव्याजी कर्ज कोणाच्या घरी पोचते ते दिसेल.

पाच वर्षांची मर्यादा मंजूर असताना भरलेली रक्कम दुसऱ्या दिवशी उचलता आली पाहिजे. दरवर्षी नवी फाईल मागणे योजनेच्या मूळ हेतूविरुद्ध आहे. हे बँकेला बजावणे संघटनेचे काम आहे आणि ते आम्ही करू. तुमचे काम एवढेच की कार्ड घेताना मर्यादा किती वर्षांची आणि खात्याची मुदत कोणत्या तारखेला, हे लिहून घ्या. तोंडी तारखेवर कोणाची सवलत वाचली नाही.

आता सिबिल. हा शब्द ऐकला की माणसे घाबरतात, जसे पूर्वी जप्तीच्या नोटिशीला घाबरत. त्यात गूढ काही नाही. देशात अशा चार कंपन्या आहेत. बँका, फायनान्स कंपन्या तुम्ही किती कर्ज घेतले आणि कोणत्या तारखेला भरले याची माहिती त्यांना देतात. त्यावरून ३०० ते ९०० मधला एक आकडा निघतो. ज्याने कधी कर्जच घेतले नाही त्याची पाटी कोरी. कोरी पाटी म्हणजे वाईट पाटी नव्हे. पहिल्यांदा कर्ज मागणाऱ्याला केवळ जुनी नोंद नाही म्हणून नाकारू नये, असे रिझर्व्ह बँकेचे बँकांना सांगणे आहे, आणि २०२५ मध्ये सरकारने संसदेतही तेच सांगितले. पीककर्जाला सिबिलची अट लावू नका, असे राज्य सरकारने बँकर्स समितीच्या बैठकीत बजावले. २०२५ मध्ये तर मुख्यमंत्र्यांनी गुन्हे दाखल करू म्हणून सांगितले. तरी साहेब आकडा पाहतातच, हे तुम्हीही जाणता आणि आम्हीही.

पूर्वी आपली पत गटसचिवाला ठाऊक असे. कोणाचे वावर नदीकाठचे, कोणाची विहीर आटली, कोणाच्या घरी आजार आहे, सारे त्याला माहीत. त्या ओळखीत राजकारणही होते, ते आम्ही विसरलो नाही. पण २०१२ मध्ये रिझर्व्ह बँकेने आपल्या बुलढाणा जिल्हा मध्यवर्ती बँकेला नव्या ठेवी घ्यायला मनाई केली. सरकारी मदतीनंतर तिला परवाना मिळाला खरा, पण मधल्या काळात सोसायटीचा सभासद राष्ट्रीयीकृत बँकेच्या दारात जाऊन उभा राहिला आणि तिथे त्याला ओळखणारे कोणी नव्हते. ग्रामीण बँकेचेही पाहा. विदर्भ कोकण ग्रामीण बँक १ मे २०२५ पासून महाराष्ट्र ग्रामीण बँकेत गेली. पाटी बदलली, साहेब बदलतात. तुमच्याबरोबर राहतो तो खात्याचा उतारा. पोराच्या ट्रॅक्टरला, पोरीच्या नर्सिंगच्या शिक्षणाला कर्ज लागेल तेव्हा पाच वर्षांचा हा उतारा बोलेल. म्हणून पहिले कार्ड.

या नोंदीत आपल्याकडे लोक कुठे अडकतात? सर्वात जास्त जामिनकीत. सोयऱ्याच्या मोटारसायकलला सही केली, त्याने हप्ते थांबवले, डाग तुमच्याही नावाला. दुसरे, तडजोडीत. एकरकमी तडजोड करून खाते मिटवले तर नोंदीत 'पूर्ण फेड' नाही, 'तडजोड' असे लिहिले जाते, आणि पुढचा साहेब त्यावर बोट ठेवतो. तडजोड करूच नका असे नाही, पण काय लिहिले जाणार ते आधी विचारा आणि बेबाकीचा दाखला घेतल्याशिवाय उठू नका. कर्जमाफीत बसलेल्यांनीही आपली नोंद तपासावी. प्रत्येक कंपनीने वर्षातून एकदा पूर्ण अहवाल फुकट द्यायचा आहे. चूक दाखवल्यावर ३० दिवसांत दुरुस्ती व्हायला हवी. उशीर झाला तर दिवसाला १०० रुपये भरपाई, असा नियम एप्रिल २०२४ पासून आहे.

"पण भाऊ, भरले कशाला? माफी तर येणारच." हा प्रश्न प्रत्येक बैठकीत येतो. १९९० साली दहा हजारांपर्यंत माफ झाले. २००८ ला पाच एकरांची रेघ ओढली आणि विदर्भातला मोठ्या धारणेचा कोरडवाहू कास्तकार बराचसा बाहेर राहिला. आपल्याकडचे दहा एकर बरड आणि पाटपाण्याचे दोन एकर सारखे नाहीत, हे दिल्लीला कोणी सांगितले नाही. २०१७ ला दीड लाखापर्यंत, २०१९ ला २ लाखांपर्यंत. नियमित भरणाऱ्याला पहिल्या वेळी जास्तीत जास्त २५,०००, दुसऱ्या वेळी ५०,००० पर्यंत, तेही २०२२ पासून वाटले. ज्याने भरले त्याच्या पोटात दुखले, आणि ते दुखणे खरे आहे. ऑक्टोबर २०२५ मध्ये नागपूरच्या आंदोलनानंतर सरकारने ३० जून २०२६ पूर्वी निर्णय घेऊ, असे आश्वासन दिले.

आमचे म्हणणे असे. कर्जमुक्ती हा हक्क आहे, तो मागताना आवाज खाली करायचा नाही. पण माफीच्या आशेवर पहिलेच कार्ड थकवणे म्हणजे सरकारच्या तारखेवर आपली पेरणी टाकणे. दोन माफ्यांच्या मधली वर्षे मोजा: १९९०, २००८, २०१७, २०१९. अठरा वर्षांच्या खड्ड्यात ज्याचे खाते थकलेले होते त्याला बियाणे कोणी दिले? टपरीवरच्याने.

आता जे भरूच शकत नाहीत त्यांचे. पाऊस उघडतो, किंवा २०२५ सारखा सप्टेंबरात कोसळतो आणि बोंडे झाडावर सडतात. त्या वर्षी सावकाराकडून आणून बँक भरू नका. हे आम्ही स्पष्ट सांगतो. कमी मुदतीच्या पिकाचे कर्ज मुदतीनंतर दोन हंगाम थकले तर खाते अनुत्पादक ठरते, म्हणजे एका बुडालेल्या हंगामाने सारे संपत नाही. सरकारने नुकसान जाहीर केले की कर्जाचे पुनर्गठन मागता येते: पीककर्जाचे हप्ते पाडून मुदतीचे कर्ज. पण ते अर्जाने मागा आणि पोच घ्या. आणि पुनर्गठनानंतर नवे पीककर्जही मागा, नाहीतर हप्ते राहतील आणि पेरणी राहील.

पीकविम्याचेही इथेच सांगून टाकू. २०२० च्या खरिपापासून कर्जदारालाही विमा ऐच्छिक आहे. पण नको असेल तर अंतिम तारखेच्या सात दिवस आधी लेखी कळवावे लागते, नाहीतर हप्ता कार्डाच्या खात्यातून कापला जातो. २०२५ च्या खरिपापासून एक रुपयाचा विमाही गेला. घ्यायचा की नाही ते घाटावरच्या आणि घाटाखालच्या वावराप्रमाणे वेगवेगळे ठरेल. खारपाणपट्ट्यातल्या गावांनी आपल्या मंडळात कापणी प्रयोगाचे आकडे काय आले ते पाहून ठरवावे. पेरले ज्वारीचे आणि विमा कापला कापसाचा, असे होऊ नये म्हणून पासबुकाची नोंद पाहा.

ज्वारीचा विषय निघालाच आहे. ज्वारी आता कडब्यापुरती राहिली असे लोक म्हणतात, पण जी आहे ती तरी सुगीत मातीमोल विकू नका. बाजार समितीत पणन मंडळाची तारण योजना १९९०-९१ पासून आहे: मालाच्या किमतीच्या ठरावीक हिश्श्यापर्यंत, सहा महिने, ६ टक्क्यांनी. लहान कास्तकाराला गोदामाच्या पावतीवर कार्डाच्याच सवलतीच्या दराने काढणीनंतर सहा महिन्यांपर्यंत कर्ज मिळण्याचीही सोय आहे. कापसाला बाजार समितीची तारण योजना नाही, म्हणून कापसासाठी कार्डावरची मोकळी मर्यादा हेच तारण समजा.

शेवटी, कार्ड कोणाच्या खिशात? काही गावांत कार्ड आणि त्याचा चार आकडी नंबर दोन्ही कृषी केंद्रवाल्याकडे ठेवलेले असतात. तो चांगला माणूस असेल. तरी नको. बाईच्या नावाचे कार्ड बाईकडेच असावे आणि मशीनमधून पहिले पैसे तिनेच काढावेत. बटाईने करणाऱ्यालाही योजनेत जागा आहे, एकट्याला नाही जमले तर चार-पाच जणांचा संयुक्त गट करून.

अर्ज पूर्ण दिल्यावर दोन आठवड्यांत निर्णय व्हायला हवा. कोणी "सिबिल नाही" म्हणून परत पाठवले तर भांडू नका, नकार लेखी मागा. लेखी देत नसतील तर अर्जाच्या पोचेची तारीख, शाखा आणि काय उत्तर मिळाले हे तालुका कार्यकर्त्याकडे द्या. जिल्ह्यातल्या तेराही तालुक्यांचे असे कागद एकत्र करून अग्रणी बँकेच्या बैठकीत ठेवायचे आहेत. पुढच्या बैठकीला येताना प्रत्येकाने पासबुक भरून आणावे, आणि गेल्या मार्चमध्ये ज्यांनी नवं-जुनं केले त्यांनी मधल्या माणसाला किती दिवसांचे किती दिले ते एका चिठ्ठीवर लिहून आणावे. नाव लिहायची गरज नाही, फक्त आकडा आणि गाव.